दहा हजार सह्या मागणारं कलम

आपल्याकडे सह्यांची मोहीम म्हणजे स्टेशनबाहेर मांडलेलं टेबल, मागे फ्लेक्स आणि दोरीला बांधलेलं पेन. घाईतला माणूस मागणी अर्धवट वाचतो, सही ठोकतो, मोबाइल नंबरातला एखादा आकडा मुद्दाम चुकवतो आणि लोकल पकडायला पळतो. सहीने काही होत नाही हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि देणाऱ्यालाही. म्हणूनच 2002 साली क्युबाच्या राजधानीत, हवानात, 11,020 सह्यांमुळे एका सरकारला राज्यघटनेला हात घालावा लागला, हे प्रकरण मला पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. घटना बदलली ती सह्या करणाऱ्यांना हवं होतं त्याच्या नेमकी उलट. तेही सांगायचंच आहे.

प्रकरण क्युबातले सरकारविरोधी कार्यकर्ते ओस्वाल्दो पाया सार्दिन्यास यांचं. लिहिण्याआधीच एक अडचण येते: आडनाव देवनागरीत 'पाया' होतं, आणि 'पायाने', 'पायाला' असं लिहायला लागलं की वाचकाची नजर माणूस सोडून जमिनीकडे जाते. तेव्हा मी त्यांना ओस्वाल्दोच म्हणणार आहे.

दुसरी अडचण आपल्या डोळ्यांची आहे. क्युबा म्हटलं की आपल्याला टीशर्टवरचा चे गेव्हारा दिसतो, 1983 च्या दिल्लीतल्या अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेत इंदिरा गांधींना मिठी मारणारे फिडेल कॅस्ट्रो दिसतात, जगभर जाणारे क्युबन डॉक्टर दिसतात. मिठी खरी होती, डॉक्टरही खरे आहेत. अमेरिकेने 1962 पासून या बेटाची व्यापारी कोंडी केली आहे, तीही खरी. पण या तिन्ही गोष्टींवर कोणी प्रश्न विचारला की तो अमेरिकेचा हस्तक, अशी आपल्याकडच्या बऱ्याच जणांची सवयीची समजूत आहे. ओस्वाल्दो त्या खणात बसत नाहीत.

कलम काय म्हणत होतं

क्युबाची तेव्हाची राज्यघटना 1976 ची, 1992 मध्ये बरीच दुरुस्त केलेली. तिच्या 88 व्या कलमात कायद्याचा प्रस्ताव कोण मांडू शकतो याची यादी होती. राष्ट्रीय सभेचे, म्हणजे संसदेचे सदस्य, राज्य परिषद, मंत्रिपरिषद, कामगार संघटना, सर्वोच्च न्यायालय वगैरे. यादीच्या शेवटी नागरिकांचा नंबर लागायचा: मताधिकार असलेले किमान 10,000 नागरिक एकत्र आले तर तेही प्रस्ताव मांडू शकत होते. घटना लिहिणाऱ्यांनी हे उपकलम शोभेसाठी घातलं असावं असा माझा अंदाज आहे. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात कपबशांचा एक सेट असतो, त्यात कोणी चहा प्यावा अशी अपेक्षा नसते, तसं. पण एखादा पाहुणा तोच कप मागतो.

त्याच घटनेत 62 वं कलमही होतं. नागरिकांना दिलेलं कोणतंही स्वातंत्र्य समाजवाद उभारण्याच्या जनतेच्या निर्णयाविरुद्ध वापरता येणार नाही, असं ते सांगत होतं. म्हणजे 88 ने दार उघडायचं आणि 62 ने उंबऱ्यातच पाय अडवायचा. ओस्वाल्दोंना दोन्ही कलमं पाठ होती.

1998 च्या जानेवारीत पोप जॉन पॉल दुसरे क्युबात येऊन गेले. ओस्वाल्दोंनी आपला मसुदा लोकांसमोर आणला तो त्याच वर्षी. नाव ठेवलं वारेला प्रकल्प. फेलिक्स वारेला हे हवानात 1788 मध्ये जन्मलेले धर्मगुरू. स्पेनच्या संसदेत क्युबाचे प्रतिनिधी म्हणून गेले, गुलामगिरी रद्द करा म्हणाले, स्वातंत्र्य मागितलं आणि उरलेलं आयुष्य अमेरिकेत परागंदा होऊन काढलं. त्यांना क्युबाचं सरकारही मानतं, चर्चही मानतं आणि अमेरिकेतल्या मायामीत राहणारे क्युबन निर्वासितही मानतात. नाव निवडण्यातच ओस्वाल्दोंची हुशारी दिसते. वारेलांच्या नावाला शिव्या देणं हवानातल्या कुठल्याच संपादकाला सोपं नव्हतं.

मागण्या पाच. बोलण्याचं, छापण्याचं आणि संघटना काढण्याचं स्वातंत्र्य. राजकीय कैद्यांना माफी. नागरिकांना स्वतःचा व्यवसाय काढण्याची मुभा. निवडणुकीचा नवा कायदा. आणि त्या कायद्याखाली वर्षभरात निवडणुका. या मुद्द्यांवर राष्ट्रीय सभेने जनमत घ्यावं, इतकंच म्हणणं. कुठेही 'कॅस्ट्रो चले जाव' नाही, बंड नाही, मोर्चा नाही. तुमच्याच पुस्तकातलं तुमचंच पान उघडून पुढे ठेवलं होतं.

कायद्याच्या अंगाने यात एक कच्चा दुवा होता आणि तो लपवण्यात अर्थ नाही. 88 वं कलम नागरिकांना कायदा सुचवण्याचा हक्क देत होतं. घटना बदलण्याचा मार्ग 137 व्या कलमात होता आणि तो राष्ट्रीय सभेच्या हातात होता. पाच मागण्यांतल्या काही घटनेलाच धक्का लावतात, म्हणून त्या या वाटेने येऊच शकत नाहीत, असं सरकारी वकील म्हणू शकत होता. हा युक्तिवाद वाद घालण्याजोगा आहे, हास्यास्पद नाही. सभागृहात तो मांडला गेला असता, त्यावर चर्चा होऊन प्रस्ताव फेटाळला गेला असता, तर मी हे लिहायला बसलोही नसतो.

सेर्रोमधला इंजिनिअर

29 फेब्रुवारी 1952 ला हवानाच्या एल सेर्रो भागात जन्म. दहा दिवसांनी, 10 मार्चला, बातिस्ताने लष्कराच्या जोरावर सत्ता बळकावली. म्हणजे या माणसाला खुली निवडणूक असलेला देश मिळाला तो पाळण्यातले दहा दिवस. सात भावंडांतले पाचवे, घर कॅथलिक. मुलं मरिस्ट बंधूंच्या शाळेत जायची, ती शाळा कॅस्ट्रोंच्या क्रांतीनंतर 1961 मध्ये बंद झाली.

1969 मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेत असताना राजकीय कैद्यांची ने-आण करण्याचं काम वाट्याला आलं. त्यांनी नकार दिला. वय 17. शिक्षा तीन वर्षं सक्तमजुरी, बेटापासून दूर असलेल्या दुसऱ्या बेटावर, इस्ला दे पिनोसवर. परत आल्यावर हवाना विद्यापीठात भौतिकशास्त्राला प्रवेश घेतला, पण चर्चला जाणारा विद्यार्थी तिथे चालणार नव्हता. मग रात्रीच्या वर्गांत शिकून दूरसंचार इंजिनिअर झाले आणि सरकारी नोकरीत रुग्णालयांतली यंत्रं दुरुस्त करू लागले. सोविएत संघ कोसळल्यावर पेट्रोल संपलं आणि हवाना सायकलवर आली, तेव्हा तेही सायकलवरूनच एका इस्पितळातून दुसऱ्यात जात. घर सेर्रोमध्येच. 1980 मध्ये मारिएल बंदरातून सव्वा लाखाच्या आसपास माणसं देश सोडून गेली, तेव्हाही हे गेले नाहीत.

या नोकरीकडे चरित्रकार फारसं लक्ष देत नाहीत. मला मात्र ती महत्त्वाची वाटते. सुटे भाग न मिळणाऱ्या देशात कृत्रिम श्वासाचं यंत्र चालू ठेवायचं तर नवं यंत्र मागून चालत नाही. आहे त्या यंत्रात कुठल्या तारेतून अजून करंट जातोय हे बघत बसावं लागतं. 88 व्या कलमाकडे ते तसंच बघत असणार.

1987 मध्ये त्यांनी आपल्या भागातल्या चर्चमधून 'देवाची प्रजा' नावाची पत्रिका काढली. ती फार बोलू लागली म्हणून पुढच्या वर्षी बिशपांनीच बंद करायला सांगितली. चर्चला सरकारशी जुळवून घ्यायचं होतं, आणि हा गृहस्थ जुळू देत नव्हता. मग 1988 मध्ये सेर्रोतच ख्रिस्ती मुक्ती चळवळ सुरू केली. नाव ऐकून वाटतं तशी ती चर्चची संस्था नव्हती, सामान्य नागरिकांची होती. 1991 मध्ये राष्ट्रीय संवादासाठी सह्या गोळा करायला लागले तर घरावर जमाव चालून आला. याला तिथे 'आक्तो दे रेपुदियो' म्हणतात, म्हणजे निषेधाचा कार्यक्रम. शेजारीपाजारी आणि बाहेरून आणलेली माणसं दारासमोर उभी राहून शिव्या देतात, भिंती रंगवतात. ठरलेली शिवी 'गुसानो', म्हणजे अळी. सडक्या फळातून बाहेर पडणारी.

1992 मध्ये आणि पुन्हा 1997 मध्ये त्यांनी राष्ट्रीय सभेची निवडणूक लढवायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ते जमू दिलं नाही. वारेला प्रकल्प या अपयशांतून आला. उमेदवार म्हणून आत जाता येत नाही, तर अर्जदार म्हणून खिडकीशी उभं राहू.

एका सहीची किंमत

या प्रकरणाचा गाभा मला त्या छापील अर्जातच दिसतो. नाव, पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक आणि सही, एवढंच त्यात भरायचं. क्युबात प्रत्येकाकडे 'कार्ने' असतं. त्यावर 11 आकड्यांचा क्रमांक, पहिले सहा आकडे जन्मतारखेचे. म्हणजे तो क्रमांक लिहिला की तुमचं वयसुद्धा कागदावर आलं. इथे आकडा चुकवायची सोय नाही. चुकला तर सही बाद, आणि बरोबर लिहिला तर सरकारला घर माहीत.

आता त्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. नोकरी सरकारी आहे, कारण दुसरी नोकरीच जवळपास नाही. तांदूळ, साखर, कॉफी 'लिब्रेता'वर, म्हणजे रेशन कार्डावर मिळते. मुलीला विद्यापीठात जायचंय, विद्यापीठ सरकारचं. गल्लीत क्रांती संरक्षण समिती आहे, 1960 पासून. तिचं काम कोण कोणाकडे आलं-गेलं हे बघण्याचं. अशा वेळी ओळखीचा एक मनुष्य दार वाजवतो, पिशवीतून कागद काढतो आणि म्हणतो, वाचा, पटलं तर सही करा. हळू बोला म्हणावं, तर सही केल्यावर हळू बोलण्याला अर्थच उरत नाही. हा कागद शेवटी सरकारकडेच जायचाय.

लोकशाही देशात मत गुप्त असतं ते माणसाला भीतीपासून वाचवायला. ओस्वाल्दोंनी याच्या उलटं केलं. भीती आहे हे मान्य करून लोकांना नावासह उजेडात यायला सांगितलं. मला वाटतं, पाच मागण्यांपेक्षा त्यांना हे जास्त हवं होतं. माणसाने एकदा आपल्या हाताने क्रमांक लिहिला की तो पूर्वीसारखा गप्प बसू शकत नाही.

कामागुएच्या विद्यापीठात हारोल्ड सेपेरो नावाचा मुलगा पशुवैद्यक शिकत होता. त्याने प्रकल्पाला साथ दिली. 2002 मध्ये त्याचं नाव विद्यापीठातून काढून टाकण्यात आलं. हे नाव लक्षात ठेवा.

सह्या गोळा करणारे जवळपास सगळ्या प्रांतांत होते. वाटेत पोलिसांनी अडवलं की गठ्ठे जप्त होत. गुप्तहेर कार्यकर्ते बनून आत शिरत, खोट्या आणि दुबार सह्या मिसळत. दहा सह्या खोट्या निघाल्या तरी सगळंच बनावट ठरवायला निमित्त मिळालं असतं. त्यामुळे सह्या पुन्हा पुन्हा तपासल्या गेल्या, शंकेच्या काढून टाकल्या. कुठल्याही कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला हे काम किती कंटाळवाणं असतं ते सांगायला नको. क्रांतीच्या चित्रांत बंदुका असतात, घोडे असतात. दिव्याखाली बसून अकरा-अकरा आकडे जुळवणारी माणसं कोणी रंगवत नाही.

10 मे 2002 ला ओस्वाल्दो, अंतोनियो दियास आणि रेहिस इग्लेसियास खोकी घेऊन राष्ट्रीय सभेच्या कचेरीत गेले. आत 11,020 सह्या. कलमाला हव्या होत्या त्याहून 1,020 जास्त.

दिवस जाणूनबुजून निवडलेला. दोनच दिवसांनी अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर हवानात उतरणार होते. 14 मेला हवाना विद्यापीठात, कॅस्ट्रो समोर बसलेले असताना, कार्टर स्पॅनिशमध्ये बोलले. भाषण देशभर थेट दाखवलं जात होतं. त्यात त्यांनी अमेरिकेची व्यापारबंदी उठवावी असंही म्हटलं आणि वारेला प्रकल्पाचं नावही घेतलं. सरकारी माध्यमांनी तोवर या प्रकल्पाचा एक शब्द छापला नव्हता. बहुसंख्य क्युबन लोकांनी आपल्याच देशातल्या या अर्जाबद्दल पहिल्यांदा ऐकलं ते एका अमेरिकन पाहुण्याच्या तोंडून. हे ओस्वाल्दोंच्या फायद्याचं होतं आणि तोट्याचंही, कारण 'बघा, धागे कुठे पोचतात' म्हणायला जागा झाली.

उत्तर

सरकारचं उत्तर महिन्याभरात आलं. जूनमध्ये आधी देशभर प्रचंड मोर्चे निघाले. मग गल्लोगल्ली टेबलं मांडली गेली आणि जेमतेम तीन-चार दिवसांत सरकारने स्वतःच्या सह्या गोळा केल्या. अधिकृत आकडा 81,98,237. देशाची लोकसंख्या तेव्हा एक कोटी दहा लाखांच्या आसपास, म्हणजे मतदार म्हणावेत असे जवळपास सगळेच. मागणी अशी की समाजवादी व्यवस्था कायमची आणि अपरिवर्तनीय म्हणून घटनेत लिहावी. 26 जूनला राष्ट्रीय सभेने ती एकमताने मंजूर केली. क्युबा पुन्हा कधीही भांडवलशाहीकडे वळणार नाही, असं वाक्य घटनेत आलं. 137 व्या कलमात दुरुस्ती होऊन तो भाग बदलण्याच्या पलीकडे गेला.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की हसू येतं. एका अर्जाला उत्तर द्यायला त्याच्या सातशे पटींहून मोठा अर्ज. 11,020 सह्यांना किंमत नव्हती तर 82 लाख कशाला गोळा केल्या? आणि ज्या टेबलाशी सगळी गल्ली रांग लावून उभी आहे, तिथे सही केलेल्याचं नाव कोणाच्या लक्षात राहत नाही. न केलेल्याचं राहतं. मूळ अर्जाचं पुढे काय झालं? समितीने तो घटनेशी विसंगत ठरवला. सभागृहात त्यावर चर्चा झालीच नाही.

डिसेंबरात युरोपीय संसदेने ओस्वाल्दोंना मानवी हक्कांसाठीचा साखारोव पुरस्कार दिला. बाहेर जायची परवानगी अगदी शेवटच्या घटकेला मिळाली. स्ट्रासबर्गच्या भाषणात आपल्या छळ करणाऱ्यांना उद्देशून ते म्हणाले की तू माझा भाऊ आहेस, मी तुझा द्वेष करत नाही, पण भीती दाखवून तू माझ्यावर सत्ता गाजवणार नाहीस. मग युरोप, पोपची भेट, अमेरिका, मेक्सिको. मायामीत स्वागत संमिश्र झालं. तिथल्या कडव्या निर्वासितांचा राग असा, की कॅस्ट्रोच्या घटनेखाली अर्ज करणं म्हणजे ती घटना मान्य करणं. शिवाय हा माणूस व्यापारबंदीने क्युबात बदल होईल असं मानत नव्हता. हवानात साम्राज्यवाद्यांचा हस्तक आणि मायामीत कॅस्ट्रोचा भोळा मदतनीस! दोन्हीकडून शिव्या खाणारा बरोबरच असतो असं नाही, पण तो कोणाच्या पगारावर नाही एवढं तरी कळतं.

फेब्रुवारी 2003 मध्ये ते मायदेशी परतले. 18 मार्चला धरपकड सुरू झाली. जगाचं लक्ष इराककडे होतं, दोन दिवसांत तिथे बॉम्ब पडू लागले. क्युबात 75 जणांना उचललं, त्यांत चाळीसहून जास्त वारेला प्रकल्पाचे कार्यकर्ते. एप्रिलच्या सुरुवातीला काही दिवसांत खटले उरकले. शिक्षा 6 वर्षांपासून 28 वर्षांपर्यंत. अंतोनियो दियास यांना 20 वर्षं, रेहिस इग्लेसियास यांना 18. बऱ्याच जणांवर जो कायदा लावला तो 1999 चा, त्याचा क्रमांक होता 88. हक्क देणारं कलम 88 आणि तुरुंगात घालणारा कायदाही 88. कादंबरीत असं लिहिलं तर संपादक खोडून टाकेल.

त्याच एप्रिलमध्ये बोट पळवणाऱ्या तिघांना गोळ्या घालण्यात आल्या. आयुष्यभर कम्युनिस्ट राहिलेले पोर्तुगीज कादंबरीकार झुझे सारामागो यांनी लिहिलं की इथवर मी सोबत आलो, यापुढे नाही.

ओस्वाल्दोंना मात्र पकडलं नाही. पुरस्काराने अंगावर कवच चढलं होतं. या प्रकरणातला सगळ्यात जड भाग माझ्या मते हाच. ज्यांना त्यांनी 'भिऊ नका, नाव लिहा' म्हणून सांगितलं ती माणसं घरापासून शेकडो किलोमीटर दूरच्या तुरुंगांत गेली, आणि सांगणारा सेर्रोमधल्या घरात राहिला, बाहेर पाळत आणि आत फोनवर ऐकणारे कान. सरकारने हे मुद्दाम केलं असेल तर फार विचार करून केलं. नेत्याला आत टाकला तर तो हुतात्मा होतो. अनुयायांना आत टाकलं आणि नेत्याला बाहेर ठेवलं तर त्याला रोज त्यांच्या बायकांच्या डोळ्यांत बघावं लागतं.

त्यांनी काय केलं? 3 ऑक्टोबर 2003 ला पुन्हा खोकी उचलून त्याच कचेरीत गेले. आणखी 14,384 सह्या. त्या धरपकडीनंतरही लोक क्रमांक लिहीत होते. मी पुरस्काराचं भाषण विसरेन, हा आकडा नाही.

तुरुंगात गेलेल्यांच्या बायकांनी स्वतःची वाट काढली. दर रविवारी पांढरे कपडे घालून त्या मिरामारमधल्या सांता रिताच्या चर्चमध्ये जात आणि मिस्सा संपला की हातात ग्लॅडिओलसची फुलं घेऊन रस्त्याने चालत. सांता रिता ही अशक्य कामांची संत. त्यांच्यातल्या लाउरा पोयान शिक्षिका होत्या, नवऱ्याला 20 वर्षांची शिक्षा झाल्यावर घराबाहेर पडलेल्या. 2010-11 मध्ये चर्च आणि स्पेनच्या मध्यस्थीने उरलेले कैदी सुटले, बरेचसे थेट स्पेनच्या विमानात बसवले गेले. त्याआधी, 23 फेब्रुवारी 2010 ला, ओर्लांदो सापाता तामायो हा कैदी उपोषणात मरण पावला होता.

बायामोचा रस्ता

फिडेल यांचे भाऊ रौल कॅस्ट्रो सत्तेवर आले, छोटे धंदे, मोबाइल, घरांची खरेदी-विक्री यांना थोडी मोकळीक मिळाली. जग म्हणू लागलं की क्युबा बदलतोय. ओस्वाल्दो याला 'फसवा बदल' म्हणत. हक्क न देता सवलती दिल्या की त्या कधीही काढून घेता येतात, असं त्यांचं म्हणणं.

22 जुलै 2012, रविवार. हवानाहून भाड्याची एक ह्युंदाई गाडी पूर्वेला निघाली. चालवत होता स्पेनमधल्या तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाच्या युवक शाखेचा आन्हेल कारोमेरो. शेजारी स्वीडनचा तरुण राजकीय कार्यकर्ता आरोन मोदिग. मागे ओस्वाल्दो, वय 60, आणि हारोल्ड सेपेरो, वय 32, तोच कामागुएचा. दुपारी बायामोजवळ गाडी झाडावर आदळली. मागे बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे किरकोळ जखमी झाले.

सरकार म्हणालं, रस्त्याचं काम चालू होतं, खडी होती, वेग जास्त होता. कारोमेरोवर सदोष मनुष्यवधाचा खटला चालून चार वर्षांची शिक्षा झाली आणि डिसेंबरात त्याला उरलेली शिक्षा भोगायला स्पेनला पाठवलं. मार्च 2013 मध्ये त्याने सांगितलं की सरकारी नंबरप्लेटच्या गाडीने मागून धडक दिली होती आणि आधीचा जबाब दबावाखाली दिला होता. मोदिगच्या म्हणण्यानुसार तो झोपेत होता, त्याला अपघात आठवत नाही. कुटुंबाने स्वतंत्र चौकशी मागितली, ती कधी झाली नाही.

जून 2023 मध्ये अमेरिका खंडातल्या देशांच्या मानवाधिकार आयोगाने आपला अहवाल जाहीर केला. या मृत्यूंमध्ये सरकारी यंत्रणेतल्या माणसांचा हात असल्याचे गंभीर आणि पुरेसे संकेत आहेत आणि क्युबाचं राज्य जबाबदार आहे, असा निष्कर्ष. क्युबा या आयोगाचा अधिकारच मानत नाही, त्यामुळे कागद कागदच राहिला. 2025 मध्ये ओस्वाल्दोंची मुलगी रोसा मारिया त्याच आयोगावर निवडून आली.

सेर्रोच्या चर्चमध्ये 24 जुलैला अंत्यविधी झाला. कार्डिनल हाइमे ओर्तेगांनी मिस्सा केला. याच चर्चने एके काळी त्यांची पत्रिका बंद करायला लावली होती. विधीनंतर स्मशानाकडे निघालेल्यांपैकी पन्नासेक जणांना पोलिसांनी बसमध्ये कोंबलं.

2019 मध्ये क्युबाने नवी राज्यघटना मंजूर केली. समाजवाद अपरिवर्तनीय, हे त्यात कायम आहे. नागरिकांचा कायदा सुचवण्याचा हक्कही कायम आहे. सह्या लागतात 10,000. घटना बदलायची असेल तर 50,000.